डॉ. कोटणीसांना आलेली आकडी आणि आपल्या खिशातला फोन

मी सोलापूरचा. इथं शाळेत असताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट एकदा तरी कानावर पडतेच. आपल्या गावचा डॉक्टर, चीनला गेला, लढाईतल्या जखमींची सेवा केली, तिथंच वारला, मग व्ही. शांतारामांनी त्याच्यावर सिनेमा काढला. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण ते कशानं वारले, असं विचारलं की बरेचजण अडखळतात. कुणी म्हणतं बॉम्ब पडला, कुणी म्हणतं साथीचा रोग झाला.

खरं कारण वेगळं आहे. कोटणीस वारले ते आकडी येऊन. फिट, मिरगी, फेफरं, अपस्मार, एपिलेप्सी. तुमच्या घरी जो शब्द वापरत असतील तो घ्या. वय होतं ३२ वर्षं. हा लेख वाचणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा फार तर पाच-सात वर्षांनी मोठं.

या साइटवर आपण फोन, सेन्सर, ॲप यांच्याबद्दल बोलतो. आजही बोलणार आहोत. कारण आकडी आली किंवा छातीत धडधड होऊन कुणी कोसळलं, तर आपल्या खिशातला फोन खूप कामाची वस्तू ठरू शकतो. पण आधी कोटणीसांची गोष्ट नीट समजून घेऊ.

सोलापूर ते मुंबई

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापुरातला. त्या वेळचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. भैय्या चौकातलं त्यांचं घर महानगरपालिकेनं जपलं असून आज तिथं स्मारक आहे. सोलापूरला आलात तर जरूर बघा.

डॉक्टर व्हायला ते मुंबईला गेले, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम हॉस्पिटल तेव्हा अगदी नवं होतं, १९२६ साली सुरू झालेलं. पदवी घेतल्यावर पुढचं शिक्षण घ्यायचं असा त्यांचा विचार होता. सरळ रस्ता होता: अजून एक डिग्री, मग दवाखाना, मग स्थिरस्थावर आयुष्य. पण मध्ये १९३८ साल आलं.

पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका

जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनकडे सैनिक होते, पण डॉक्टर फार कमी. तिथले सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. पुढच्या वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशभर आवाहन केलं, निधी गोळा झाला, सुमारे २२,००० रुपये. आपण स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशासाठी काढलेली ही वर्गणी होती.

पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे एम. अटल, नागपूरचे एम. चोळकर, कलकत्त्याचे बी. के. बसू आणि डी. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. अटल यांना स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव होता, ते पथकाचे प्रमुख. कोटणीस जेमतेम २७ वर्षांचे. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पाचजण एक रुग्णवाहिका आणि औषधांचा साठा घेऊन मुंबईहून बोटीनं निघाले.

चीनमध्ये आधी वुहान, मग चुंगकिंग अशी ठिकाणं बदलत काम चाललं. जपानी सैन्य पुढं सरकेल तशी इस्पितळं मागं हलायची. चुंगकिंगला असताना कोटणीसांना घरून तार आली: वडील गेले. परत जायला कुणी अडवलं नसतं. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. तिथं त्यांचं चिनी नाव रूढ झालं, के दिहुआ. यातलं हुआ म्हणजे चीन.

७२ तास

पुढं कोटणीस आघाडीच्या अगदी जवळ, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले. तिथं इस्पितळ म्हणजे शेतकऱ्याचं घर किंवा देऊळ, ऑपरेशनचं टेबल म्हणजे दोन फळ्या. भूल देण्याचं औषध मोजून-मापून वापरायचं. १९४० च्या लढायांत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या मोहिमेत ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. चिनी भाषाही ते शिकले, इतकी की तिच्यात विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

याच भागात त्यांच्या आधी नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन काम करत होते. ऑपरेशन करताना बोट कापलं, जखमेत जंतू गेले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तात विष भिनून ते वारले. पेनिसिलिन अजून औषध म्हणून मिळत नव्हतं. त्यांच्या नावानं उभं राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली.

तिथंच क्वो छिंगलान ही परिचारिका त्यांना भेटली. ती नर्सिंग शिकवायची. १९४१ च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

शेवटचं वर्ष

पथकातले तीन डॉक्टर एव्हाना भारतात परतले होते. बसू येनानमध्ये होते. आघाडीवर कोटणीस एकटे भारतीय. आणि याच काळात त्यांना आकडी येऊ लागली.

ते स्वतः डॉक्टर होते. हे काय आहे ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. आजूबाजूच्यांनाही दिसत होतं. आघाडी सोडून उपचारासाठी मागं जा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी मानलं नाही. दिवसा ऑपरेशन, वर्ग, फेऱ्या. रात्री चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकाचं लेखन. ९ डिसेंबर १९४२ ला, एकामागून एक झटके येऊन, हपै प्रांतातल्या एका खेड्यात ते वारले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

ही गोष्ट सांगताना आपण ७२ तासांवर थांबतो. ते समजण्यासारखं आहे, अभिमान वाटतोच. पण मला वाटतं, शेवटच्या वर्षाचा भागही तितकाच सांगायला हवा. त्यात एक हुशार, जाणता माणूस आहे, ज्याचं शरीर पुन्हा पुन्हा इशारा देतंय आणि ज्याच्याकडे थांबायला वेळ नाही.

तेव्हा विज्ञान कुठं होतं?

इथं माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. कोटणीसांच्या वेळी हाताशी काय होतं?

हृदयाचा आलेख काढणारं यंत्र, म्हणजे ईसीजी, हॉलंडच्या विलेम आइंटहोवन यांनी १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनवलं. पहिलं यंत्र अडीचशे किलोंहून जड होतं आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावं लागायचं. मेंदूचा आलेख, ईईजी, जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसावर पहिल्यांदा नोंदवला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. आकडीवरचं फेनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून होतं. आणि फेनिटॉइन, जे आजही वापरतात, त्याचा आकडीवर उपयोग होतो हे अमेरिकेतल्या मेरिट आणि पटनम यांनी दाखवलं १९३८ मध्ये. ज्या वर्षी कोटणीसांची बोट मुंबईहून सुटली, त्याच वर्षी.

म्हणजे विद्या जगात आली होती. पण वेढा पडलेल्या डोंगरातल्या त्या खेड्यापर्यंत ती पोचायचा रस्ता नव्हता.

आज हा रस्ता आहे. ईसीजी तालुक्याच्या गावातही निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट निदान व औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात.

आकडी म्हणजे नेमकं काय?

सिद्धेश्वरांच्या यात्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणा. हजारो माणसं, प्रत्येकाचं आपापलं बोलणं चालू. लांबून ऐकलं तर नुसती गजबज. मेंदूतल्या पेशींचं नेहमीचं काम असंच असतं, प्रत्येकीचे छोटे विद्युत संकेत आपापल्या वेळी. आता समजा सगळी गर्दी अचानक एकाच तालात टाळ्या पिटू लागली. दुसरं काही ऐकूच येणार नाही. आकडीत पेशींचं असं होतं. हातपाय झटकतात, शुद्ध जाते. कधी नुसतीच नजर काही सेकंद थिजते. ईईजी म्हणजे या गर्दीवर बाहेरून लावलेले माइक.

कारणं अनेक: डोक्याला मार, जन्माच्या वेळची इजा, मेंदूतला संसर्ग, पक्षाघात. आपल्याकडे पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊनही होतं. बऱ्याच जणांत कारण सापडत नाही. आधीच आजार असेल तर कमी झोप, दारू आणि गोळी चुकवणं यांनी झटका ओढवू शकतो. बाहेरची बाधा वगैरे काही नसतं. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं. काही घरांत मात्र अजून आजार लपवतात आणि त्यामुळे उपचार राहतो.

धडधड आणि आकडी: इथं गल्लत होते

मेंदूसारखीच हृदयालाही स्वतःची विद्युत यंत्रणा आहे. बसलेलं असताना मोठ्या माणसाचे ठोके साधारण मिनिटाला ६० ते १००. छातीत धडधडणं बहुतेक वेळा साधं असतं: जागरण, परीक्षेची भीती, चार-पाच कप चहा, एनर्जी ड्रिंक, ताप, सोलापूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडणं. कधी रक्त कमी असतं, कधी थायरॉइड वाढलेलं.

पण कधी कधी ठोक्यांची लय इतकी बिघडते की मेंदूला रक्त कमी पडतं. माणूस कोसळतो, काही सेकंद हातपायही झटकतात. बघणाऱ्याला वाटतं आकडी आली. म्हणून पहिल्यांदा असं काही झालं की डॉक्टर मेंदूबरोबर हृदयाचाही विचार करतात आणि ईसीजी काढायला सांगतात. पाच-दहा मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे, टाळू नका.

स्मार्टवॉचचा ईसीजी? तो एकाच कोनातून ३० सेकंदांची लय दाखवतो. तेवढ्यात धडधड होत असेल तर नोंद डॉक्टरांना नक्की दाखवा. पण दवाखान्यातला ईसीजी १२ कोनांतून बघतो आणि घड्याळाला हार्ट ॲटॅक ओळखता येत नाही. घड्याळानं सगळं ठीक म्हटलं तरी छातीत दुखत असेल तर घड्याळाचं ऐकायचं नाही.

आकडीसाठीही मनगटावरची उपकरणं आली आहेत. हाताची झटकणारी हालचाल आणि त्वचेवरच्या घामामुळे होणारा विद्युत बदल ती मोजतात आणि घरच्यांना इशारा पाठवतात. त्यातल्या एम्ब्रेस नावाच्या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये मान्यता दिली. ती निदान करत नाहीत, झटका थांबवतही नाहीत. फक्त हाक मारतात.

फोन काय करू शकतो

इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलच्या मजल्यावर एका मुलाला रात्री आकडी आली. कुणी नाकाला चप्पल लावायला धावलं, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. एका मुलानं मात्र सगळ्यांना बाजूला केलं, त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि मला फोनवर शूट करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यात आधी तो व्हिडिओ बघितला, दोनदा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका संपलेला असतो. डॉक्टरांना तो दिसतच नाही. व्हिडिओत दिसतो. आमचा तो मित्र आज रोज गोळी घेतो आणि पुण्यात नोकरी करतो.

तर हे लक्षात ठेवा:

१. आधी माणूस, मग फोन. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. चप्पल, कांदा हुंगवून झटका थांबत नाही. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि श्वास चालू आहे ना ते बघा. श्वास नीट नसेल तर लगेच १०८ ला फोन करा आणि छाती दाबण्याचा प्राथमिक उपचार सुरू करा.

२. स्टॉपवॉच सुरू करा. घाबरल्यावर एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. ५ मिनिटांचा आकडा फार महत्त्वाचा आहे.

३. दुसरा कुणी मोकळा असेल तर त्यानं व्हिडिओ घ्यावा. चेहरा, डोळे, दोन्ही हात-पाय दिसू द्या. तो फक्त डॉक्टरांसाठी. ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकायचा नाही.

४. लॉक स्क्रीनवर वैद्यकीय माहिती भरून ठेवा. आयफोनमध्ये हेल्थ ॲपमध्ये मेडिकल आयडी, अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या सेफ्टी अँड इमर्जन्सी विभागात. रक्तगट, आजार, चालू गोळ्या, घरच्यांचा नंबर. फोन लॉक असतानाही ही माहिती इमर्जन्सीच्या बटणातून उघडते.

५. गोळ्यांसाठी रोजचा अलार्म लावा. आपल्या मनानं गोळी बंद करणं हे झटका परत येण्याचं मोठं कारण आहे.

कधी थांबायचं नाही

१०८ ला लगेच फोन करा (महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे, ११२ वरही मदत मिळते), जर:

- झटका ५ मिनिटांहून जास्त चालला, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला. कोटणीसांच्या शेवटच्या झटक्यांसारखी एकामागून एक मालिका ही आजही आणीबाणीच आहे.
- आयुष्यातला पहिलाच झटका असेल.
- गरोदर बाई असेल, मधुमेह असेल, पाण्यात किंवा डोक्यावर पडून झालं असेल.
- झटका संपल्यावर श्वास नीट होत नसेल.
- धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा शुद्ध गेली असेल.

दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवा, जर धडधड वारंवार होत असेल किंवा नजर थिजणं, हात अचानक झटकणं असं काही घरच्यांना दिसत असेल. व्यायाम करताना धडधड होऊन चक्कर आली असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक वारलं असेल तर उशीर करू नका, त्याच दिवशी जा.

त्यांच्यानंतर

कोटणीसांची समाधी आज हपै प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरात हुतात्म्यांच्या स्मारक उद्यानात आहे. त्या शहरात त्यांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय चालतं. शांतारामांचा सिनेमा, डॉ. कोटणीस की अमर कहानी, १९४६ मध्ये आला. मुख्य भूमिका शांतारामांनीच केली. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. छिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. सोलापूरच्या माणसांशी त्यांनी नातं ठेवलं, त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. नवऱ्यानंतर ७० वर्षांनी.

युद्धातल्या त्या डोंगरात कोटणीस थांबले असते तर मागं जखमींना दुसरा सर्जन मिळणं अवघड होतं. त्यांनी निवड केली आणि तिची किंमत दिली. आपल्यापुढं असली निवड नसते. आपण थांबत नाही ते सबमिशन आहे, शिफ्ट आहे, घरी कळलं तर काय म्हणतील, एवढ्याच कारणांवरून. यातलं कुठलंही कारण ईसीजीच्या दहा मिनिटांपेक्षा मोठं नाही.

आज रात्री फोन चार्जिंगला लावण्याआधी ती लॉक स्क्रीनवरची माहिती भरून टाका. आणि आईबाबांच्या फोनमध्येही.